घड्याळाचा उपवास

आषाढातल्या एका रविवारी पहाटे पाचच्या सुमारास सौभाग्यवतीने मला हलवून जागे केले आणि म्हणाली, "अहो, घड्याळ उठत नाहीये." अर्धवट झोपेत मला वाटले, वडिलांच्या दुकानातून आलेले भिंतीवरचे किल्लीचे घड्याळ बंद पडले असावे. ते अधूनमधून बंद पडते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण ही आपले मनगट माझ्यापुढे धरून उभी होती. मनगटावरच्या काळ्या चकतीवर कंपनीचे चिन्ह उमटले, त्याखाली एक पांढरे वर्तुळ फिरू लागले, पाऊण वर्तुळ पुरे झाले आणि तेथेच थबकले. मिनिटभराने सारे काळे झाले, घड्याळ एकदा थरथरले आणि पुन्हा तेच चिन्ह, तेच वर्तुळ. असे ते रात्री केव्हापासून करीत होते कोण जाणे.

हे घड्याळ आमच्या घरी हौसेखातर आलेले नव्हते. चैत्रातल्या ओळीत आठव्या आयंबिलाच्या दिवशी देरासराच्या पायऱ्या उतरताना हिला चक्कर आली. शेजारच्या भाभींनी धरले म्हणून पडली नाही. डॉक्टरांनी तपासले, ईसीजी काढला, तो त्या क्षणापुरता ठीक आला. ते म्हणाले, "चक्कर येते त्या वेळी नाडी किती आहे हे कळल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही आणि चक्कर काही माझ्या दवाखान्यात येऊन येत नाही." पुण्याच्या चिरंजीवांनी दुसऱ्याच आठवड्यात हे घड्याळ पाठवून दिले. त्याच्या पाठीला हिरवा दिवा आहे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास मनगटातले रक्त वाढते आणि ओसरते, त्याबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. त्या कमीजास्तीवरून घड्याळ नाडी मोजते आणि रात्रंदिवस लिहून ठेवते. पट्टा सैल असला किंवा हात फार हलला, तर मोजणी चुकते. एवढे मी प्रारंभीच वाचून ठेवले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कोणत्याही वस्तूची माहितीपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याची खोड असते.

ही मात्र सामायिकाला बसण्यापूर्वी ते घड्याळ काढून ठेवते. विजेवर चालणारी वस्तू अंगावर ठेवून सामायिक कसे करायचे, हा तिचा सरळ प्रश्न आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. कटासण्याशेजारी वाळूची घडी उलटी करून ठेवायची, वाळू संपली की अठ्ठेचाळीस मिनिटे झाली. तिच्या सासूबाईंपासून, म्हणजे माझ्या बापासून चालत आलेली ती घडी आहे. त्यामुळे घड्याळातल्या तिच्या नाडीच्या आलेखात रोज सकाळी अठ्ठेचाळीस मिनिटांची कोरी जागा असते. एकदा मुलाने विचारले होते, "आई, रोज या वेळेला तू कुठे असतेस?"

तर ते घड्याळ बंद पडले. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचे होते आणि या वेळची भेट नेहमीसारखी नव्हती. हिने या पर्युषणात अठ्ठाई करण्याचे मनात धरले होते. साठीत एकदा अठ्ठाई करायची, हा तिचा जुना संकल्प. मुलाचा त्याला स्पष्ट विरोध होता. रक्तदाबाची गोळी चालू, त्यात चक्कर आलेली, आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहायचे हे त्याला पटत नव्हते. मायलेकरांचे फोनवर दोनदा वाजले. शेवटी दोघांनी मिळून असे ठरवले की डॉक्टरांना नोंदी दाखवायच्या आणि ते म्हणतील ते मान्य करायचे. मी दोघांकडेही 'बरोबर आहे' असे म्हणत होतो. मनातून मी मुलाच्या बाजूचा होतो, हे येथे कबूल करतो.

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "पप्पा, फॅक्टरी रीसेट मारा. दोन मिनिटांचे काम आहे. नवे होऊन उठेल."

"आणि नोंदी?"

"त्या फोनमध्ये आलेल्या असतात. सिंक झालेले काही जात नाही."

सिंक झालेले जात नाही हे खरे. पण झालेले किती, हे पाहिले पाहिजे. हिचा मोबाइल उघडला, तर शेवटची नोंद बुधवारी रात्री दहा वाजून दहा मिनिटांची. गुरुवार, शुक्रवार, शनिवार कोरे. मोबाइल विमान मोडवर होता. "सामायिकाला बसताना लावला असेल, काढायला विसरले," ही म्हणाली. मग चहा गाळता गाळता अगदी सहज म्हणाली, "शनिवारी पहाटे मला परत तसे झाले होते. पलंगाच्या काठावर थोडा वेळ बसून राहिले. मग गेले."

ज्या एका क्षणासाठी ते घड्याळ तीन महिने बांधले होते, तो क्षण शनिवारी पहाटे येऊन गेला होता. त्याची नोंद मनगटावरच्या त्या थबकलेल्या वर्तुळामागे अडकली होती आणि दोन मिनिटांत ती कायमची पुसून टाकण्याचा उपाय माझ्या हातात होता.

येथे थोडे माझ्या नोकरीविषयी सांगणे आवश्यक आहे. मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहीत. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. पुढे संगणक आले, मग कोअर बँकिंग आले. बाहेरच्या ग्राहकाला वाटे, सकाळी शटर उघडले की बँक सुरू झाली. वास्तविक बँक सुरू होते ती 'डे-बिगिन' झाल्यावर आणि 'डे-बिगिन' होते ते आदल्या रात्रीचे 'डे-एंड' निर्वेध पार पडले असेल तरच. एखादे व्हाउचर अर्धवट राहिले, एखादी रक्कम एका बाजूला पडली आणि दुसऱ्या बाजूला पडली नाही, की यंत्र आदला दिवस बंद करीत नाही आणि नवी तारीख उघडत नाही. काउंटरपुढे आपल्यातलेच व्यापारी डीडीचे फॉर्म हातात घेऊन उभे आणि पडद्यावर टक्केवारीचा आकडा एका जागी खिळलेला. अशा सकाळी मी अनेक पाहिल्या आहेत. त्या वेळी नवशिक्या अधिकाऱ्याला हमखास सुचणारा उपाय म्हणजे सगळे बंद करून पहिल्यापासून चालू करणे. आमचे एक वरिष्ठ अशा वेळी त्याचा हात धरीत आणि विचारीत, "बॅकअप कुठे आहे?" बॅकअपच्या टेपा दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत ठेवण्याचा नियम होता. त्या हाती येईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. रांगेतल्या लोकांना चहा पाजायचा.

म्हणून मी मुलाला म्हटले, "रीसेट करायचे नाही. फोनमधून घड्याळाची जोडणीही काढायची नाही." जोडणी काढली की पुष्कळ घड्याळे स्वतःला पुसून घेतात, हे मी त्याच सकाळी माहितीपत्रिकेच्या शेवटच्या पानावर वाचले होते. बारीक अक्षरात होते ते.

पहिला उपाय सर्वांना ठाऊक असतो तोच केला. बाजूचे बटण दाबून धरायचे, बळेच बंद होईपर्यंत सोडायचे नाही. कोणत्या घड्याळाला दहा सेकंद लागतात, कोणाला वीस. मी मनात एक नवकार पूर्ण म्हणून बटण सोडले. घड्याळ बंद झाले, पुन्हा उठले, पाऊण वर्तुळावर थांबले. दोन नवकार म्हणून पाहिले, तरी तेच.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू द्या. त्यानेच आता अठ्ठाईचे पच्चक्खाण घेतलेले दिसते."

असे घड्याळ सुरू होता होता का अडते, हे मी त्या दिवशी दुपारभर वाचले. आपण बटण दाबतो तेव्हा आत आधी एक अगदी छोटा प्रोग्राम जागा होतो. तो मोठ्या प्रोग्रामला उठवतो, मोठा आपली साठवण तपासतो, मग नाडी मोजणारे, पावले मोजणारे, वेळ दाखवणारे एकेक जण आपापल्या जागी बसतात. यांपैकी एक जण जरी आपली फाइल फाटकी निघाल्यामुळे अडून राहिला, तरी मागची सारी रांग खोळंबते. काही वेळाने आतला पहारेकरी कंटाळून सगळ्यांना बाहेर काढतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. बाहेरून आपल्याला दिसते ते एवढेच की चिन्ह येते आणि जाते. कारणे बहुतेक ठरलेली आहेत: अर्ध्यावर तुटलेले अपडेट, भरून गेलेली साठवण, बाहेरून उतरवून घेतलेला एखादा शोभेचा चेहरा किंवा उठण्याएवढाही जीव न उरलेली बॅटरी. जानेवारी २०२५ च्या अखेरीस तर गार्मिन कंपनीची घड्याळे जगभर एकाच वेळी निळ्या त्रिकोणावर अडकून बसली होती. उपग्रहांच्या स्थानाची एक सदोष फाइल त्यांच्यात उतरली होती आणि काहींना शेवटी घड्याळ पुसूनच पुढे जावे लागले.

पण मला खरी मौज वाटली ती एका जुन्या प्रकरणाची. मायक्रोसॉफ्टचे 'झून' नावाचे गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र होते. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याच्या ३० जीबी मॉडेलची हजारो यंत्रे सुरू होता होता गोठली. २००८ हे लीप वर्ष. यंत्राचे घड्याळ एका ठरलेल्या दिवसापासूनचे एकूण दिवस मोजत असे आणि त्यातून एकेका वर्षाचे दिवस वजा करीत आजच्या तारखेपर्यंत येत असे. त्या दिवशी हातात उरले ३६६ दिवस. हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून मोजणी थांबवायची नाही आणि लीप वर्षात ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाही करायचे नाहीत. बिचारे यंत्र त्या दोन अटींच्या मधल्या जागेत गोल गोल फिरत राहिले. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक मास येतो. पंचांग करणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते. (तिथीच्या वादात मी शिरत नाही, संपादकांना पत्रे येतील.) कंपनीने लोकांना सांगितलेला उपाय मला आपल्या वळणाचा वाटला: बॅटरी पूर्ण उतरू द्या, नव्या वर्षाचा पहिला दिवस ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे दुपारपर्यंत जाऊ द्या, मग चार्ज करा. म्हणजे त्याला निराहार ठेवा आणि दिवस पालटू द्या.

सोमवारी मी घड्याळ घेऊन कराडच्या बाजारपेठेत गेलो. मलकापूर आणि कराड यांच्यामध्ये आता वेशीसारखे काही उरलेले नाही, तरी आम्ही 'कराडला जाऊन येतो' असेच म्हणतो. दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा विशी-बाविशीचा. त्याने घड्याळ उलटेपालटे केले, भिंगातून पाहिले आणि म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर मारावं लागंल. पण आतलं सगळं जाईल, ते आधीच सांगतो." मी नोंदींची गोष्ट सांगितली. त्याने घड्याळ लगेच परत माझ्या हातात ठेवले. "मग घाई करू नका. बॅटरी पार उतरू द्या. आणि हे बघा, चार्जिंगच्या पिनांत काय भरलंय. पिवळं पिवळं. हळद हाय का?"

हळद नव्हती, वासक्षेप होता. चातुर्मासासाठी साध्वीजी महाराज आल्यापासून ही रोज वंदनाला जात होती आणि डोक्यावर पडलेला वासक्षेप घामाबरोबर उतरून घड्याळाच्या पाठीमागच्या दोन पितळी ठिपक्यांवर घट्ट बसला होता. चार्जर लागल्यासारखा वाटायचा, पण लागायचा आणि सुटायचा. शनिवारी रात्री घड्याळाने आपण होऊन अपडेट उतरवून घ्यायला घेतले असावे आणि मध्येच त्याचे अन्न तुटले असावे. हा माझा तर्क आहे. पण पुढे जे घडले त्यावरून तो फारसा चुकला नसावा. मुलाने पैसे घेतले नाहीत. मी बळेच शंभर रुपये ठेवले, ते त्याने कॅल्क्युलेटरखाली सरकवले.

मुलाने पुण्याहून नवा चार्जर रविवारीच मागवला होता, तो मंगळवारी यायचा होता. मंगळवारी त्याचा निरोप आला, पार्सल पोहोचल्याचे दाखवते आहे. आमच्याकडे तर काहीच आले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, ते बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापुरात पोहोचले आहे. आमच्या गावाला हे दुखणे जुनेच आहे. एक मलकापूर बुलढाण्याचे, एक कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीकडचे, एक आमचे. बँकेत असताना तिन्ही गावांचे चेक एकमेकांकडे हिंडताना मी पाहिले आहेत.

घड्याळ सोमवारी रात्रीच निवले होते. सारखे उठण्याच्या खटाटोपात त्याने उरलेली बॅटरी लवकर संपवली. चकती काळी, बटण दाबले तरी हालचाल नाही. मी ते देवघराजवळच्या फळीवर वाळूच्या घडीशेजारी ठेवून दिले.

त्या रात्री मी हिला सहज म्हणालो, "तो मोबाइल विमान मोडवर राहिला नसता, तर एवढे काही झालेच नसते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "राहिला नव्हता. मी ठेवला होता."

मला आधी अर्थ लागला नाही.

"रोज रात्री त्याचा फोन. आई, काल झोप कमी झाली. आई, आज पावले कमी पडली. आई, दुपारी तीन वाजता नाडी का वाढली? अहो, दुपारी तीन वाजता मी शेजारच्या भाभींशी गप्पा मारत हसत होते. आता हसण्याचाही हिशेब द्यायचा का? त्याचा जीव तुटतो हे मला कळते. पण चाळीस वर्षे घर चालवले, कोणी माझी वही तपासली नव्हती. बुधवारी रात्री ठरवले, चार दिवस तरी माझे मला जगू दे."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. कर्जदाराच्या गोदामात जाऊन पोती मोजली, स्टॉक स्टेटमेंटवर लाल टिपा केल्या. ज्याची तपासणी होते त्याला काय वाटते, हे मला व्यापाऱ्यांनी अनेकदा सांगितले होते. घरात कोणी सांगितले नव्हते. मी काही बोललो नाही. आणखी एक गोष्ट त्याच रात्री माझ्या ध्यानात आली. नोंद मिळाली नाही, तर गुरुवारी डॉक्टरांसमोर शनिवारच्या पहाटेची हकिकत मीच सांगणार होतो आणि ती मी थोडी वाढवून सांगितली असती. 'थोडा वेळ बसून राहिली' याचे 'पडता पडता वाचली' व्हायला काय लागते? अठ्ठाई आपोआप रद्द झाली असती आणि कोणाला कळलेही नसते. सोमवारपर्यंत मी मनात ते वाक्य जुळवूनही ठेवले होते.

बुधवारी सकाळी पाऊस उघडल्यावर आगाशिवाच्या पायथ्यापर्यंत फिरून आलो, आंघोळ केली आणि कामाला लागलो. पाणी गाळण्याच्या जुन्या गळण्याचा एक स्वच्छ, कोरडा तुकडा घेतला आणि पिनांचे ते दोन ठिपके घासून चकचकीत केले. पाणी लावले नाही, साबण लावला नाही. जुनाच चार्जर, पण या वेळी मोबाइलचे वाटेल ते डोके न वापरता घड्याळाबरोबर आलेले मूळचे वापरले. घड्याळ त्यावर ठेवले आणि ते हलू नये म्हणून वरून रुमालाची घडी. हिचा मोबाइल मुद्दाम वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला; घड्याळाने उठल्या उठल्या त्याला शोधण्याच्या धडपडीत पुन्हा अडकू नये, एवढाच हेतू. वीस मिनिटे काही घडले नाही. मग चकतीवर विजेची खूण आली. मी त्याला उठवले नाही. पूर्ण भरेपर्यंत तीन तास तसेच ठेवले. या तीन तासांत मी पंधरा वेळा तरी रुमाल उचलून पाहिला असेल. ही म्हणाली, पारणे करणाऱ्याला इतक्यांदा कोणी वाढायला जात नाही.

मग बटण दाबले. चिन्ह आले. वर्तुळ फिरू लागले. पाऊण झाले आणि थांबले. ही माझ्या खांद्यामागे उभी होती, आम्ही दोघेही बोललो नाही. वर्तुळ तसेच थांबून राहिले, पण या वेळी चकती काळी झाली नाही. साधारण चार मिनिटांनी ते उरलेल्या पाव वाटेला लागले, खाली अपडेट पूर्ण होत असल्याची बारीक ओळ आली आणि घड्याळ उठले. त्याने दाखवलेली तारीख मात्र भलतीच होती, काही वर्षांपूर्वीची. बॅटरी पार उतरली की त्याचे काळाचे भान जाते आणि मोबाइल भेटेपर्यंत ते परत येत नाही. आता नोंदी भलत्याच तारखेला पडणार की काय, अशी मला धास्ती होती. वरून मोबाइल आणला. विमान मोड काढण्यासाठी मी तो हिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि काढला.

तारीख सुधारली. नोंदी उतरू लागल्या. गुरुवार आला, शुक्रवार आला. शनिवारची पहाट आली: चार वाजून पन्नास मिनिटांनी नाडी एकेचाळीस आणि त्यानंतर दहा-बारा मिनिटे पंचेचाळीसच्या आत. शनिवारची रात्र मात्र कोरीच राहिली, ती कधीच मिळाली नाही.

गुरुवारी डॉक्टरांनी तो आलेख जेमतेम मिनिटभर पाहिला. मला थोडे वाईटच वाटले. "घड्याळ बघून मी औषध देत नाही," ते म्हणाले, "पण कुठे बघायचे ते त्याने सांगितले." त्यांनी हिला चोवीस तासांसाठी होल्टर लावले, छातीवर तारा आणि कमरेला एक छोटी डबी. दुसऱ्या दिवशी त्याचा अहवाल आला. ठोक्यांत धोक्याचा खंड नव्हता. पहाटे नाडी बरीच मंदावत होती. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीही मंद करतात आणि हिची गोळी त्यांपैकीच एक, त्यातून ती घ्यायची रात्री झोपताना. त्यांनी ती बदलून दुसरी दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितले. गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करायची नाही, हे हिला दोनदा बजावले, कारण तपश्चर्येच्या दिवसांत आपल्यातले लोक नेमके तेच करतात हा त्यांचा अनुभव आहे. असे करून गेल्या पर्युषणात दाखल झालेले दोन रुग्ण त्यांनी सांगितले, नावे अर्थातच सांगितली नाहीत.

अठ्ठाईचा विषय मी काढणार होतो. हिनेच काढला. शनिवारी पहाटे काय झाले ते तिने स्वतः सांगितले, जसे झाले तसे आणि आठ दिवसांचे निर्जळ नव्हे, पाण्यावरचे उपवास म्हणजे काय, हेही नीट समजावून दिले. डॉक्टरांनी ऐकून घेतले. म्हणाले, "गोळी आत्ताच बदलली आहे. या वर्षी नको. पुढच्या वर्षी विचारा, तेव्हा मी नाहीच म्हणेन असे नाही." दिवसातून एकदा बसून जेवण आणि त्याच वेळी गोळी चालेल का, असे तिने विचारले. ते चालेल म्हणाले. परतताना रिक्षात ती महामार्गापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठ एकासणी होतील."

झाली. श्रावण वद्यात पर्युषण सुरू झाले, आठही दिवस निर्वेध पार पडले आणि नव्या गोळीवर तिला चक्कर आली नाही. माझ्याच्याने मधल्या दिवशी चोविहाराशिवाय काही झाले नाही, पण तो वेगळा विषय आहे. मुलाच्या मोबाइलवर घड्याळाच्या नोंदी जात असत, ते हिने बंद करून घेतले. ते बंद करण्यासाठी तिने त्यालाच फोन करून 'कुठले बटण दाबू' असे विचारले आणि त्यानेही निमूटपणे सांगितले. आता महिन्यातून एकदा ती आपल्या नोंदी स्वतः पाहते. मला वाटले तर मीही पाहतो, पण विचारून. रोज रात्री त्याचा फोन येतो, तो अजूनही नाडीवरून सुरू होतो, मात्र पुष्कळदा नातीच्या शाळेवर जाऊन संपतो. संवत्सरीला दोघांनी एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हटले. विमान मोडची गोष्ट तिने त्याला त्या वेळी सांगितली की नाही, हे मला ठाऊक नाही; मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत होतो.

बुलढाण्याच्या मलकापूरला गेलेला चार्जर अकराव्या दिवशी आला. खोक्यावर जिल्ह्याचे नाव तीन वेळा खोडून तीन वेळा लिहिलेले होते. तो न उघडता कपाटात ठेवला आहे; कोणाच्या घड्याळाला बसत असेल, तर घेऊन जावा.